हिस्सा विकत घेतला, पण गल्ल्यावर बसता येईल का?

“चालू धंद्यातला चार आणे हिस्सा देणे आहे.” बाजारपेठेच्या कुठल्याही गावात असा निरोप अधूनमधून कानावर येतो. कधी भागीदाराला पैशांची नड असते, कधी मुलं पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली असतात आणि दुकान बघायला घरात कुणी उरलेलं नसतं. घेणारा उलाढाल विचारतो, गाळ्याचा भाव काढतो, स्टॅम्पपेपरवर करार करून पैसे मोजतो आणि सोमवारी सकाळी दुकानात हजर होतो. बाकीचे भागीदार त्याला चहा पाजतात आणि विचारतात, “बोला, आपलं काय काम होतं?”

प्रश्न उद्धट वाटेल, पण तो कायद्याला धरून आहे. भागीदारी पेढ्यांसाठी आपल्याकडे १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा आहे आणि त्याचं २९ वं कलम नेमकं याच माणसाबद्दल बोलतं. ते जेमतेम दोन परिच्छेदांचं आहे. पैसे देण्याआधी ते वाचणारे फार थोडे, दिल्यानंतर वाचणारे बरेच.

समजण्यासाठी एक दुकान धरू. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. भागीदार तीन: अण्णांचे आठ आणे, दिलीपशेठचे चार आणे आणि बापूंचे चार आणे. बापूंनी आपला सगळा हिस्सा संजयला २५ लाखांना विकला. अण्णांना आणि दिलीपशेठना विचारलं नाही. आता संजय कोण झाला?

भागीदार का झाला नाही

पेढी ही भागीदारांपासून वेगळी अशी कुणी नसते. कंपनी कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती असते, पेढी तशी नाही. तीन माणसांनी एकमेकांशी केलेला करार, एवढंच तिचं अस्तित्व. त्या करारामुळे प्रत्येक जण बाकीच्यांच्या वतीने धंदा करू शकतो. बापूंनी उद्या वसमतच्या व्यापाऱ्याकडून दुकानासाठी ४० लाखांची हळद उधारीवर उचलली, तर ते देणं तिघांचं होतं. दुकानात पैसे नसतील तर व्यापारी अण्णांच्या एकट्याच्या मागे लागून पूर्ण ४० लाख वसूल करू शकतो, अगदी त्यांचं राहतं घर विकायला लावूनही. अण्णांनी नंतर इतरांकडून त्यांचा वाटा मागत बसावं.

एवढी जोखीम माणूस कुणासाठी पत्करतो? ज्याला ओळखतो, त्याच्यासाठी. म्हणून ३१ वं कलम म्हणतं की सगळ्या भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. भागीदारीपत्रात, म्हणजे भागीदारांमधल्या लेखी करारात, वेगळं काही ठरवलेलं असेल तरच याला अपवाद. बापू आपला नफा कुणाला द्यायचा ते ठरवू शकतात. अण्णांनी कुणावर विश्वास ठेवायचा, हे मात्र ते ठरवू शकत नाहीत. मला हा नियम रास्त वाटतो. त्याचा पुढचा भाग घेणाऱ्याला कडक वाटेल, पण तोही यातूनच आला आहे.

मग २५ लाखांत मिळालं काय?

पेढी चालू आहे तोवर संजयला एकच हक्क आहे: बापूंच्या वाट्याला येणारा नफा घेणं. धंदा कसा चालवायचा यात त्याला बोलता येत नाही, हिशेब मागता येत नाही, वह्या उघडून बघता येत नाहीत. हिस्सा कायमचा विकत घेतला असो की कर्जापोटी गहाण म्हणून लिहून घेतला असो, कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो. शिवाय कलमात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. भागीदारांनी आपसात मान्य केलेला नफ्याचा आकडा या माणसाने स्वीकारलाच पाहिजे, असं ते सांगतं.

सामाईक विहिरीतली कुणाची तरी पाण्याची पाळी तुम्ही पैसे देऊन घेतली, तर तुमच्या वेळेला पाटात येईल तेवढं पाणी तुमचं. विहीर खोल करायची का, मोटार किती अश्वशक्तीची बसवायची, हे विहिरीचे हिस्सेदार ठरवतात. संजयचं तसंच आहे.

त्यांनी मुद्दाम नफा कमी दाखवला तर?

ही शंका सगळ्यांना येते आणि ती खरी आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात.

पहिली म्हणजे उघड लबाडी. बापूंच्या हिश्श्याचे पैसे गिळायचे म्हणून खोटी बिलं लावली, विक्री वहीत घेतलीच नाही, तर ते कुठलाच कायदा खपवून घेणार नाही. कोर्टाचं दार उघडं आहे. अडचण पुराव्याची आहे, कारण वह्या बघायचा हक्कच नाही.

दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते आणि तिच्यात लबाडी असेलच असं नाही. आपलं २९ वं कलम इंग्लंडच्या १८९० च्या भागीदारी कायद्यातल्या ३१ व्या कलमावरून घेतलेलं आहे. तिथे १९०३ साली गारवुड नावाचं प्रकरण गाजलं. कोळशाच्या खाणीच्या धंद्यातल्या एका भागीदाराने बायकोशी विभक्त होताना आपल्या हिश्श्यावर तिच्या नावे बोजा चढवला होता. पुढे भागीदारांनी ठरवलं की आपण धंद्यात काम करतो, तर त्याबद्दल पगार घ्यायचा. आधी ते घेत नव्हते. पगार गेल्यावर वाटायचा नफा घटला आणि बाईंच्या हाती येणारी रक्कमही घटली. त्यांचा आक्षेप कोर्टाने मानला नाही. पगार घेणं हा धंदा चालवण्याचाच भाग आहे, तो प्रामाणिकपणे ठरवलेला आहे, बाहेरच्या माणसाला त्यात बोलता येणार नाही, असा निकाल लागला.

आपल्या दुकानात हे कसं दिसेल बघा. वर्षअखेर २४ लाख उरले. संजय मनात चौथा हिस्सा काढतो, ६ लाख. पण अण्णा आणि दिलीपशेठ रोज दुकानात बसतात म्हणून दोघांना मिळून १० लाख पगार ठरला. भांडवलावर व्याज २ लाख गेलं. वाटायला राहिले १२ लाख आणि संजयचे झाले ३. त्या २ लाख व्याजात बापूंच्या भांडवलाचंही व्याज आहे. ते संजयला की बापूंना, हे दोघांच्या करारात लिहिलेलं नसेल तर तिथे आणखी एक भांडण तयार आहे.

तोटा झाला तर माझ्या घरावर जप्ती येईल का?

नाही, आणि ही संजयच्या पदरातली मोठी जमेची बाजू आहे. नुसता नफ्यात वाटा घेतल्याने कुणी भागीदार ठरत नाही, असं सहावं कलम सांगतं. वसमतच्या व्यापाऱ्याचे ४० लाख थकले तरी तो संजयच्या दारात येऊ शकत नाही. तोट्याच्या वर्षी संजयला काही मिळणार नाही, आणि साचलेला तोटा शेवटी बापूंच्या वाट्यातून वजा होऊन त्याचाही खिसा हलका करेल. पण त्याने मोजलेल्या २५ लाखांपलीकडे धक्का लागत नाही.

हे कवच तो स्वतःच्या हाताने काढून ठेवू शकतो. अण्णा भिडस्त स्वभावाचे, त्यांनी संजयला गल्ल्यावर बसू दिलं. संजयने व्हिजिटिंग कार्डावर दुकानाच्या नावाखाली ‘भागीदार’ छापलं, व्यापाऱ्यांशी तसंच बोलू लागला, आणि त्या भरवशावर कुणी उधारी दिली. २८ व्या कलमाखाली त्या उधारीपुरता तो भागीदारासारखाच बांधला जातो. म्हणजे हक्क नाही आणि देणं मात्र आहे. व्यवहारात हे फार वेळा होतं, कारण दुकानात बसायची हौस कुणाला नसते?

गाळ्यात तरी माझा चौथा भाग आहेच ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. मार्केट यार्डातला गाळा, टेम्पो, गोदामातली पोती, ही पेढीची मालमत्ता. पेढी चालू असताना अमुक भिंतीपर्यंत माझं, असं खुद्द बापूंनाही म्हणता येत नव्हतं. जे त्यांच्याकडे नव्हतं ते त्यांनी संजयला विकलं कसं?

सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली अद्दंकी नारायणप्पा प्रकरणात हे नीट उलगडून सांगितलं. दोन घराण्यांची भागीदारी होती, भात सडण्याचा आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचा धंदा. एका बाजूने साध्या लेखाने आपला हक्क सोडला. पेढीकडे जमीन आहे, म्हणून तो लेख नोंदणीकृत हवा होता, असा वाद निघाला. न्यायालय म्हणालं, भागीदाराचा हिस्सा म्हणजे चालू धंद्यात नफ्याचा वाटा आणि धंदा मिटल्यावर देणी भागवून जे उरेल त्यातला वाटा. तो पैशांच्या हक्कासारखा आहे. पेढीकडे जमीन असली तरी भागीदाराचा हिस्सा जंगमच, म्हणजे जमीन-घरासारखा स्थावर नव्हे असाच, धरायचा; म्हणून त्या लेखाला नोंदणीची गरज नव्हती.

२९ व्या कलमाचा दुसरा परिच्छेद इथे कामाला येतो. पेढी विसर्जित झाली किंवा बापू भागीदार राहिले नाहीत, तर मालमत्तेतला बापूंचा वाटा बाकीच्या भागीदारांकडून मागण्याचा हक्क संजयला मिळतो. तेव्हा त्याला हिशेबही मागता येतो, पण विसर्जनाच्या तारखेपासूनचा. मागच्या दहा वर्षांचं खणून काढता येत नाही.

त्या दिवशीचा आकडा काढून बघू. गाळा, माल आणि येणी धरून १ कोटी २० लाख जमा झाले. संजयने पैसे देताना असाच अंदाज बांधला होता आणि चौथा हिस्सा ३० लाख होतो म्हणून २५ लाखांत सौदा स्वस्त पडला असं त्याला वाटलं होतं. पण ४८ व्या कलमात पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बाहेरच्यांची देणी: बँकेचं कॅश क्रेडिट, शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे पैसे मिळून ७० लाख. मग अण्णांनी भांडवलाशिवाय दुकानाला उसने दिलेले १० लाख. राहिले ४०. त्यातून तिघांचं भांडवल २८ लाख परत, त्यात बापूंचं ८. उरलेल्या १२ लाखांचा चौथा हिस्सा ३. संजयला मिळाले ११ लाख. बापूंनी दुकानातून परस्पर काही उचल केली असेल तर तीही यातून कापली जाईल, कारण संजय बापूंच्याच जागी उभा आहे, त्यांच्यापेक्षा उंचावर नाही.

पेढी विसर्जित झाली आणि हिशेब मिळत नसेल तर स्वस्थ बसू नये. अशा दाव्याला मुदत विसर्जनापासून तीन वर्षांची आहे.

पेढी मोडायला लावता येईल का?

संजयला थेट नाही. विसर्जन मागण्याचा हक्क भागीदाराचा असतो. उलट, बापूंनी पूर्ण हिस्सा बाहेरच्याला दिला या कारणावरून अण्णा किंवा दिलीपशेठ कोर्टात जाऊन विसर्जन मागू शकतात. ४४ व्या कलमात हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. कोर्टाने ते द्यावंच असं नाही, पण हत्यार त्यांच्या हातात आलं. अर्धाच हिस्सा विकला तर या कारणाचा आधार त्यांना मिळत नाही, म्हणून जाणकार वकील कधी कधी एक आणा मूळ भागीदाराकडे राहू देतात.

कोर्टातून किंवा वारशाने हिस्सा आला तर?

बापूंनी पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज थकवलं आणि संस्थेने हुकूमनामा मिळवला, तरी तिला दुकानातली पोती जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४९ प्रमाणे कोर्ट बापूंच्या हिश्श्यावर बोजा चढवतं, नफा गोळा करायला रिसीव्हर, म्हणजे कोर्टाचा माणूस, नेमू शकतं, हिस्सा विकायचा हुकूमही काढू शकतं. मात्र बाकीच्या भागीदारांना तो बोजा फेडून हिस्सा सोडवण्याची किंवा विक्रीत स्वतःच घेण्याची मुभा आहे. परका माणूस आत शिरू नये, ही काळजी इथेही दिसते.

वारसाचं प्रकरण वेगळं आहे, तरी लोक ते यातच मिसळतात. बापू वारले म्हणून त्यांचा मुलगा आपोआप भागीदार होत नाही. भागीदारीपत्रात काही लिहिलं नसेल तर मृत्यूने पेढीच विसर्जित होते. दोनच भागीदार असतील तर ‘वारसाला घ्यावं’ असं लिहूनही पेढी वाचत नाही, कारण एकट्याची भागीदारी कशी असेल? सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सांगितलं आहे. पण वारसाच्या हाती एक गोष्ट आहे जी संजयकडे नाही: त्याला पेढीच्या वह्या बघता येतात आणि नकला घेता येतात. हिशेब न मिटवता अण्णा आणि दिलीपशेठ त्याच मालमत्तेवर धंदा रेटत राहिले, तर विसर्जनानंतरच्या नफ्यातला वाटा किंवा बापूंच्या रकमेवर सालीना ६ टक्के व्याज, यातलं जे परवडेल ते मुलाने निवडावं.

विकणारा तरी सुटला का?

बापूंना वाटतं आपण मोकळे झालो. बिलकुल नाही. पेढीच्या कागदांवर आणि बँकेच्या दृष्टीने ते भागीदारच आहेत. दुकान बुडालं तर वसमतचा व्यापारी त्यांच्याही घरी येणार, आणि तेव्हा त्यांच्याकडे नफाही नसेल. विकणाऱ्याने रीतसर निवृत्ती घ्यावी, ती जाहीर करावी आणि भागीदारी संस्था निबंधकाकडे बदल नोंदवावा. निदान घेणाऱ्याकडून नुकसानभरपाईची हमी तरी लिहून घ्यावी.

सौदा करायचाच असेल तर

चांगला रस्ता एकच. अण्णा आणि दिलीपशेठ यांच्या सह्यांचं नवं भागीदारीपत्र करून घ्यावं. मग वह्या, हिशेब, गल्ला सगळं खुलं होतं, आणि आत येण्याआधीच्या देण्यांची जबाबदारी नव्या भागीदारावर पडत नाही. जुन्या भागीदारीपत्रात ‘भागीदाराला आपल्या जागी दुसरा आणता येईल’ असं कलम असेल तर ती संमती आधीच दिलेली असू शकते. म्हणून पहिल्यांदा ते पत्र मागावं. दाखवायला टाळाटाळ होत असेल तर चहा पिऊन उठावं.

बाकीचे तयार नसतील आणि तरीही घ्यायचं असेल, तर भाव फक्त नफ्याच्या वाट्याचा धरावा, गाळ्याचा नाही. बापूंशी होणाऱ्या करारात आणखी चार गोष्टी बांधून घ्याव्यात. त्यांना स्वतःला वह्या बघायचा हक्क आहे, तर वर्षाचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक त्यांनी आणून द्यावं. पगार किंवा व्याज वाढवण्याच्या ठरावाला विचारल्याशिवाय होकार देऊ नये. परस्पर उचल करू नये. भांडवल आणि त्यावरचं व्याज कुणाचं, ते आकड्यांसह लिहावं. हे अण्णांना बांधत नाही, पण बापूंना बांधतं.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, असली तर वेगळं काही होईल असं समजू नका. २००८ च्या त्या कायद्याचं ४२ वं कलमही नफ्याचा हक्क विकू देतं, पण घेणाऱ्याला कारभारात भाग किंवा व्यवहारांची माहिती देत नाही.

आणि पैसे आधीच देऊन बसला असाल, तर कराराची प्रत जोडून सगळ्या भागीदारांना लेखी कळवा, म्हणजे नफा सवयीने बापूंच्या खात्यावर जाणार नाही. भागीदारीपत्र मिळवून त्यात पेढीची मुदत किंवा ती कशी संपवायची हे लिहिलंय का ते पाहा. नसेल तर ती मर्जीवर चालणारी पेढी आहे, आणि तशी पेढी कुणाही भागीदाराच्या साध्या लेखी नोटिशीने विसर्जित होते. अण्णा अगदीच दाद देत नसतील तर २९ व्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदातला हक्क जागा करण्याची किल्ली हीच. फक्त त्या नोटिशीवर सही बापूंची लागते, त्यामुळे पैसे देऊन झाल्यावरही बापूंशी बोलणं तोडू नका.